पाणी आठ दिवसांत उतरतं, धंदा उभा राहायला महिने जातात

आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. सांगलीत मारुती रोडच्या आतल्या गल्लीत बेकरी, पुढं दुकान मागं भट्टी, सात कामगार, वर्षाची विक्री साधारण ६० लाख. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं खेळतं कर्ज) आहे आणि बँकच दरवर्षी खात्यातनं पैसे कापून इन्शुरन्स काढते. २०१९ ला दुकानात छातीएवढं पाणी होतं, माल आणि मशिनरीचे थोडेफार पैसे मिळाले पण पुढचे चार महिने धंदा बसला त्याचं काहीच मिळालं नाही. आता एजंट म्हणतोय लॉस ऑफ प्रॉफिट घ्या, म्हणजे धंदा बंद पडून बुडालेल्या नफ्याचा विमा. घ्यावं का आणि त्यात नेमकं मिळतं काय?

मी सर्व्हेअर आहे, म्हणजे क्लेम आला की कंपनीच्या वतीनं जाऊन नुकसान मोजणारा माणूस, वीसेक वर्षं सांगली साताऱ्यात हेच करतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर मी गणपती पेठ, हरभट रोड, कापड पेठ अशी दुकानं पायी फिरत होतो, गमबूट घालून. तेव्हा जे बघितलं त्यावरनं सांगतो, घ्या. पण कसं घ्यायचं ते समजून घ्या, कारण चुकीचं घेतलेलं लॉस ऑफ प्रॉफिट ऐन वेळी निम्मंच कामाला येतं आणि तेव्हा माणूस आतनं खचतो.

आधी एक गोष्ट. पुरात माल बुडतो ते नुकसान डोळ्यांना दिसतं, फोटो काढता येतो, मोजता येतं. धंदा बंद राहतो ते दिसत नाही. हरभट रोडच्या बाजूला एक ऑफसेट प्रेस होती, मालकाचं नाव सांगत नाही. मी गेलो तेव्हा कागदाची रिमं पाणी पिऊन इतकी फुगली होती की लोखंडी रॅकच्या पट्ट्या वाकल्या होत्या. मशिनच्या रोलरमध्ये गाळ, मेन मोटर आणि पॅनल पाण्याखाली. कागद, मोटर, पॅनल सगळं क्लेममध्ये धरलं. पण मशिनचा इंजिनिअर बाहेरगावचा, त्यानं तारीख दिली तीन आठवड्यांनंतरची, कारण त्याला एकाच वेळी पन्नास ठिकाणनं फोन. तोवर सप्टेंबर उजाडला आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. निवडणुकीची छपाई म्हणजे प्रेसवाल्याचा पाच वर्षांतनं एकदा येणारा हंगाम, तो सगळा पुण्याला गेला. त्याच्या मागोमाग दिवाळी, कॅलेंडर, डायऱ्या, मग तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की पुढच्या वर्षीही तिकडंच जातं. त्या माणसाची पॉलिसी चांगली होती, पण फक्त मालमत्तेची. हंगाम गेला त्याचा एक रुपया त्यात बसत नव्हता आणि मला त्याच्यासमोर बसून ते सांगावं लागलं.

आता तुमच्याकडं. बँकेनं काढलेली पॉलिसी कपाटातनं काढा आणि शेड्यूलचं पान बघा, म्हणजे पत्ता, रक्कम आणि काय काय धरलंय ते लिहिलेलं पान. १ एप्रिल २०२१ पासनं लहान धंद्यांसाठी सगळ्या कंपन्यांना एकसारखी पॉलिसी आहे, एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५ ते ५० कोटी असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. तुमची पहिली असणार. ही पॉलिसी बरी आहे, पूर वादळ त्यात आहे, भूकंपही आहे. साताऱ्याकडच्या लोकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाटणकडची जुनी माणसं अजून काढतात, आणि आधीच्या फायर पॉलिसीत भूकंपाचे पैसे वेगळे भरावे लागायचे, पूर तर काही जण प्रीमियम वाचवायला काढूनच टाकायचे. आणखी एक बरं म्हणजे मालाची किंमत १५ टक्क्यांपर्यंत कमी लावली गेली असेल तर ते माफ आहे, त्याच्या पुढं गेलं की मात्र त्या प्रमाणात क्लेम कापला जातो.

पण बँक पॉलिसी काढते ती बँकेचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून. त्यामुळं बऱ्याचदा सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, सीसीच्या लिमिटएवढंच असतं, तुमच्या खऱ्या मालाएवढं नाही. भट्टी, मिक्सर, फर्निचर, दुकानातलं काचेचं काउंटर, फ्रीज हे कधी कधी त्यात नसतंच. पत्ता जुन्या गोडाऊनचा असतो. आणि क्लेमचे पैसे येतात ते आधी बँकेच्या खात्यात. हे सगळं तपासायचं काम तुमचं, बँकेतला साहेब तपासणार नाही, त्याच्याकडं तेवढा वेळ नाही. खात्यात बॅलन्स नव्हता म्हणून प्रीमियम कापला गेला नाही आणि पॉलिसी बंद पडली असंही मी बघितलंय, मालकाला ते पाणी आल्यावर कळलं. प्रीमियम कंपनीकडं पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, कायदाच तसा आहे.

हे आधी का सांगतोय, कारण लॉस ऑफ प्रॉफिट एकटं चालत नाही. त्याची पहिली अटच ही की त्याच कारणानं तुमच्या मालमत्तेचं नुकसान झालेलं पाहिजे, त्या मालमत्तेचा इन्शुरन्स चालू पाहिजे आणि तो क्लेम कंपनीनं मान्य केलेला पाहिजे. खालची पॉलिसी फेल तर वरची पण फेल. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा मला कितीतरी लोकांचे फोन आले, धंदा बंद आहे, क्लेम बसतो का. नव्हता बसत, कारण दुकानातली एक वीटसुद्धा हलली नव्हती.

आता यात मिळतं काय ते बघू. दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे विक्री घटली त्यावरचा बुडालेला ग्रॉस प्रॉफिट, आणि दुसरी म्हणजे धंदा चालू ठेवायला जो जादा खर्च केला तो. तुमच्याच बेकरीचा आकडा धरू, सोपा जातोय म्हणून. वर्षाची विक्री ६० लाख. मैदा, तूप, साखर, पॅकिंग, भट्टीचं डिझेल हे सगळं मिळून ३६ लाख. विक्री बंद तर हा खर्चही बंद, म्हणून तो वजा. राहिले २४ लाख, म्हणजे विक्रीच्या ४० टक्के. या २४ लाखांतनं पगार, भाडं, व्याज, लायसन, विजेचा स्थिर आकार जातो आणि उरतो तो तुमचा नफा. इन्शुरन्सच्या भाषेत हे २४ लाख म्हणजे ग्रॉस प्रॉफिट.

समजा ऑगस्टमध्ये पाणी आलं. मागच्या वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर विक्री होती २० लाख, यंदा झाली ८ लाख. घट १२ लाख, त्याचे ४० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार. मधल्या काळात तुम्ही माधवनगरला कुणाची तरी भट्टी रात्रपाळीला भाड्यानं घेतली, टेम्पो लावला, त्यात १ लाख जादा गेले पण त्यामुळं ३ लाखांची विक्री टिकली (ती वरच्या ८ लाखांत आलीच). हे १ लाख मिळतात, कारण ३ लाखांच्या विक्रीवर १ लाख २० हजारांचा ग्रॉस प्रॉफिट वाचला, आणि खर्च त्याच्या आत आहे. वाचलेल्यापेक्षा जास्त खर्च केला असता तर वरचा भाग तुमच्या खिशातनं. मग लाइटबिल वगैरे काही स्थिर खर्च बंद काळात कमी झाले, समजा २० हजार, ते वजा. म्हणजे ५ लाख ६० हजार. यातनं पॉलिसीत लिहिलेला एक्सेस, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायचा भाग, वजा होतो, तो बहुधा काही दिवसांच्या नफ्याएवढा असतो, किती दिवसांचा ते घेतानाच विचारून ठेवा.

इथं सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि यात शिकलेली माणसंसुद्धा पडतात. एजंट विचारतो तुमचा ग्रॉस प्रॉफिट किती, तुम्ही सीएला फोन करता, सीए ट्रेडिंग अकाउंट बघून आकडा सांगतो. पण सीएच्या ट्रेडिंग अकाउंटमध्ये भट्टीवरच्या कामगारांची मजुरी, कारखान्याचं भाडं, लाइट आधीच वजा केलेलं असतं. समजा ते ९ लाख आहे, म्हणजे त्याचा ग्रॉस प्रॉफिट १५ लाख. सीए चुकीचं सांगत नाही, त्याच्या हिशोबानं तो बरोबरच आहे. पण तुम्ही १५ लाखांचा विमा काढला आणि क्लेमच्या वेळी माझ्या हिशोबानं निघाले २४ लाख, की ५ लाख ६० हजारांचे १५ भागिले २४, हातात साडेतीन लाख. दोन लाखांच्या वर नुसतं एका शब्दाच्या अर्थावर गेले. आणि ती १५ टक्क्यांची माफी वर सांगितली ती मालमत्तेच्या पॉलिसीतली आहे, ती इथं धरून चालू नका. म्हणून एजंट आणि सीए दोघांना एका टेबलावर बसवा, विक्रीतनं फक्त विक्रीबरोबर कमीजास्त होणारा खर्च वजा करा म्हणावं, पगार आत ठेवा.

पगाराबद्दल जरा थांबून सांगतो कारण बेकरीत हेच खरं मर्म आहे. भट्टीवरचा कारागीर, ज्याला मैद्याचा हात आणि भट्टीचा ताव कळतो, तो दोन महिने बसून राहणार नाही. पगार थांबला की तो गाठोडं बांधून गावाकडं जातो किंवा दुसऱ्या बेकरीत लागतो, मग भट्टी दुरुस्त झाली तरी खारीला पदर सुटत नाहीत. पगार विम्यात असला की बंद काळातही त्याला धरून ठेवता येतं, आणि तुम्ही खरंच पगार दिला असेल तरच तो क्लेममध्ये टिकतो. काढून टाकलं तर तो वाचलेला खर्च म्हणून वजा होतो. त्यामुळं पूर आल्यावर घाबरून पहिल्याच आठवड्यात माणसं सोडू नका, आणि पगार बँकेतनं द्या.

कालावधी हा दुसरा मोठा प्रश्न. पॉलिसी घेताना विचारतात इंडेम्निटी पीरियड किती, म्हणजे जास्तीत जास्त किती महिन्यांचं नुकसान भरून मिळणार, तीन महिने, सहा, बारा, पुढंही असतो. लोकं तीन सांगतात कारण डोक्यात हिशोब असतो पाणी आठ दिवस, साफसफाई पंधरा दिवस, झालं. तुम्ही स्वतःच लिहिलंय चार महिने बसला. आणि आता आठवून बघा, चौथ्या महिन्यात विक्री पूर्वीएवढी झाली होती का? बेकरीचा निम्मा धंदा काउंटरवर नसतो, लाइनवर असतो. गाडी खेडोपाडी जाते, टपरीवाल्याला टोस्ट खारी बिस्किटं टाकते. पंधरा दिवस गाडी आली नाही की दुसऱ्या बेकरीवाल्याची गाडी थांबायला लागते, तो उधारी देतो, बरणी पण देतो. ती लाइन परत मिळवायला भट्टी दुरुस्त करण्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. हा कालावधी नुकसानीच्या तारखेपासनं मोजतात आणि विक्री पूर्ववत होईपर्यंत किंवा तुम्ही घेतलेले महिने संपेपर्यंत, जे आधी होईल तिथंवर चालतो. दुरुस्ती संपली म्हणून तो संपत नाही, हे कित्येकांना माहीतच नसतं. माझं मत विचाराल तर तुमच्या धंद्याला बाराच घ्या. सम इन्शुअर्ड तसंही पूर्ण वर्षाच्या ग्रॉस प्रॉफिटवरच लावावं लागतं, कालावधी तीन महिन्यांचा घेतला तरी, त्यामुळं तीन घेऊन वाचतं ते फार नाही.

आता जे मी दर क्लेमला सांगतो आणि ज्यावर लोकं नाराज होतात. विक्री किती घटली ते मी तुमच्या बोलण्यावरनं काढू शकत नाही. जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, टॅली, बिलबुकं, यावरच काढतो. बिनबिलाची विक्री माझ्यासाठी झालीच नाही. एका किराणा घाऊकवाल्यानं मला डोळ्यात पाणी आणून सांगितलं होतं की साहेब खरी विक्री याच्या दीडपट आहे, आणि मला माहीत होतं तो खरं बोलतोय, गल्लीला माहीत होतं. पण मी लिहू काय? कागदावर जेवढा धंदा तेवढंच नुकसान. त्यामुळं लाइनवरची रोख विक्री आजपासनं बिलात आणा, विम्याचा विचार करायचाच असेल तर सुरुवात तिथनं आहे. आणि टॅलीचा बॅकअप दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, २०१९ ला माल आणि हिशोब एकाच पाण्यात बुडालेली दुकानं मी मोजली नाहीत इतकी होती. रोज रात्री मेलवर नाहीतर क्लाउडवर टाका.

अजून एक प्रसंग असा येतो की तुमच्या दुकानात पाणी येतच नाही तरी धंदा बंद. विश्रामबागला दुकान कोरडं, पण वीज नाही, पाणी नाही, मैद्याची गाडी हायवेवर अडकलेली, कारण शिरोलीजवळ पुणे बंगळूर रस्ता पाण्याखाली. किंवा साताऱ्याकडं बघा, जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळी घाट कोसळला, त्या रस्त्यावर अवलंबून असलेल्या लहान हॉटेलांच्या भिंतीला तडाही नाही पण गाडीच येईना. साध्या लॉस ऑफ प्रॉफिटमध्ये यातलं काही बसत नाही. वीज पाणी पुरवठा बंद पडणं, सप्लायरच्या जागेचं नुकसान, मोठ्या गिऱ्हाइकाच्या जागेचं नुकसान, रस्ता बंद होणं, यासाठी वेगवेगळी एक्स्टेन्शन (पॉलिसीला जोडायची जादा कलमं) असतात, पैसे भरून घ्यावी लागतात आणि त्यांनाही मर्यादा असते, शिवाय तिकडं जे घडलं ते पॉलिसीत बसणाऱ्या कारणानंच घडलेलं पाहिजे. तुम्हाला मी विजेचं घ्या म्हणेन. सप्लायरचं नको, मैदा तुम्हाला दुसरीकडनं मिळतो. ज्याचं सगळं एकाच ठिकाणावर अडलंय त्यानं मात्र सप्लायरचं घ्यावं. मिरजेचे सतारमेकर घ्या, त्यांचे भोपळे ठरावीक भागातनंच येतात, तिथं पीक बुडालं तर? पण शेतातलं पीक म्हणजे सप्लायरची जागा धरायची का यावर कंपनी वाद घालू शकते, म्हणून असं काही असेल तर आधी लेखी विचारायचं.

भट्टीची मोटर किंवा मिक्सर नुसता जळून धंदा बंद पडला, पूर नाही आग नाही, तर हे दोन्हींत येत नाही. त्याला मशिनरी ब्रेकडाऊन वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या आकाराला मला ते सक्तीचं वाटत नाही, एक जुनी मोटर रिवाइंड करून माळ्यावर ठेवलेली जास्त उपयोगी.

पाणी चढायला लागलं की काय करायचं तेही सांगतो, कारण क्लेम तिथंच बनतो किंवा बिघडतो. सांगलीत प्रत्येक गल्लीला आपला फूट माहीत असतो, आयर्विनला किती झालं की आपल्या तोंडाशी पाणी. तुमचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि त्याच्या चार फूट आधीच हलवायला लागा. माल कुपवाडला हलवणार असाल तर निघण्याआधी कंपनीला मेल टाका, माल अमुक पत्त्यावर नेतोय, कारण पॉलिसी पत्त्याला असते आणि तिकडं काही झालं तर प्रश्न येतो. हळदीवाल्यांना हे जास्त लागू, हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत) २००५ ला पाणी शिरून हळद कुजली ती गोष्ट इथं सगळ्यांना माहितीय. मग पाणी उतरल्यावर शटर उघडताना व्हिडिओ काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून दाखवा. त्याच दिवशी कंपनीला कळवा. भिजलेला मैदा दोन दिवसांत वास मारायला लागतो, फेकावा लागणारच, पण आधी पोती मोजून फोटो, सर्व्हेअरला फोन आणि मेल, जमलं तर महापालिकेचा किंवा तलाठ्याचा पंचनामा, आणि मग फेका. आमच्यापैकी कुणी उशिरा आला तरी तुमचा पुरावा राहतो. पहिल्या महिन्यातच ऑन अकाउंट पेमेंट मागा, म्हणजे अंतिम हिशोब व्हायच्या आधी थोडी रक्कम. मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. आणि भट्टी लगेच दुरुस्तीला टाका, पैसे नव्हते म्हणून थांबलो हे कारण सहसा धरलं जात नाही, म्हणूनच मालमत्तेचा विमा पुरेसा असणं इतकं महत्त्वाचं.

क्लेम अडला किंवा फार कापला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभरात समाधान नाही झालं तर पुण्याला विमा लोकपाल आहे. प्रोप्रायटरशिप आणि सूक्ष्म उद्योगांना तिथं जाता येतं, ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. पण कंपनीच्या उत्तरापासनं वर्षाच्या आत जा. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

सरकारी मदतीवर विसंबू नका एवढंच म्हणतो. २०२१ च्या पुरात दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार होते. तुमच्या एका महिन्याच्या पगाराभाड्याला ते पुरतात का, तुम्हीच बघा.

वेळेचं शेवटी. नदी चढायला लागली की कुठलीही कंपनी सांगलीतल्या गल्लीचा नवीन विमा घेत नाही, म्हणून हे काम मे महिन्याच्या आत उरकायचं. मालमत्तेची आणि लॉस ऑफ प्रॉफिटची पॉलिसी एकाच कंपनीची, एकाच तारखेची ठेवा, दोन कंपन्या असल्या की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. या रविवारी शेड्यूलचं पान, मागच्या वर्षीचं ट्रेडिंग अकाउंट आणि २०१९ च्या ऑगस्ट ते डिसेंबरची जीएसटी रिटर्न अशी तीन कागदं घेऊन एजंटला बोलवा. त्या पाच महिन्यांत विक्री कशी खाली गेली आणि कुठल्या महिन्यात वर आली ते त्यात लिहिलेलंच आहे, तुम्हाला किती महिन्यांचा विमा पाहिजे ते तिथनंच निघेल.